एक्सेलमध्ये ॲड-इन बसवलं, पण टॅब दिसत नाही? आधी फाइल कुठून आली ते बघा

माझ्या मामांचं सातारा जिल्ह्यात एका गावात दूध संकलन केंद्र आहे. १४३ उत्पादक, सकाळ-संध्याकाळ माप, आणि दर दहा दिवसांनी बिल. प्रत्येकाचं लिटर, फॅट, एसएनएफ, त्यावरून दर, मग त्यातून पशुखाद्याची आणि उचलीची कपात, आणि उरलेली रक्कम बँक खात्यात. मामा हे सगळं एक्सेलमध्ये करायचे. म्हणजे खरं सांगायचं तर कॅल्क्युलेटरवर करायचे आणि एक्सेलमध्ये टाइप करायचे. बिलाच्या दिवशी रात्रीचं जेवण अकराच्या आत कधी झालं नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि भाचा आहे, त्यामुळे हे काम माझ्याकडे येणारच होतं. दिवाळीच्या सुट्टीत बसून मी एक छोटं एक्सेल ॲड-इन लिहिलं. एक बटण दाबलं की दहा दिवसांची मापं गोळा होतात, कपात होते आणि प्रत्येकाची पावती तयार होते. पेन ड्राइव्हवरून त्यांच्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर नेलं, बसवलं, पाच मिनिटांत चालू. महिन्याभराने एक दुरुस्ती करून नवी फाइल पुण्याहून मेलने पाठवली आणि फोनवर सांगितलं, जुनी काढा, त्याच नावाने ही ठेवा.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन. "आरं, ते तुझं बिलाचं बटणच गेलं वरनं. काल होतं, आज न्हाई." कोड तोच, कॉम्प्युटर तोच, एक्सेल तेच. फरक एवढाच होता की पहिली फाइल पेन ड्राइव्हवरून आली होती आणि दुसरी मेलवरून. आणि बिलाचा दिवस होता.

मी फोनवर चाचपडत असताना तिकडे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने उपाय सुचवला होता: "सेटिंगमध्ये जाऊन सगळे मॅक्रो एनेबल करून टाका, मग काय त्रास नाही." हा लेख मुख्यतः त्या एका वाक्यामुळे लिहितोय. कारण बऱ्याच व्हिडिओंमध्येही हाच उपाय सांगितलेला असतो. तो चुकीचा आहे आणि इथे तर त्याने काम झालंही नसतं.

हे ॲड-इन म्हणजे नक्की काय असतं

एक्सेलच्या आत व्हीबीए नावाची प्रोग्रॅमिंग भाषा असते. १९९३ च्या एक्सेल ५ पासून ती आहे, म्हणजे माझ्यापेक्षा मोठी. त्यात लिहिलेल्या सूचनांना आपण मॅक्रो म्हणतो. साध्या एक्सएलएसएक्स फाइलमध्ये मॅक्रो राहूच शकत नाही. मॅक्रो असलेल्या वर्कबुकचं एक्स्टेन्शन एक्सएलएसएम असतं, आणि मॅक्रो एका वर्कबुकपुरते न ठेवता एक्सेल उघडलं की प्रत्येक वेळी हजर हवे असतील तर फाइल एक्सएलएएम म्हणून सेव्ह करतात. ते ॲड-इन. त्यात वरच्या पट्टीवर, म्हणजे रिबनवर, स्वतःचा टॅब आणि बटणं देता येतात.

यात सेटअप नाही, 'नेक्स्ट नेक्स्ट फिनिश' नाही. फाइल एका जागी ठेवायची आणि एक्सेलला सांगायचं की ही इथे आहे. म्हणूनच लोकांना हे सोपं वाटतं, आणि म्हणूनच अडलं की नेमकं कुठे अडलं ते कळत नाही.

फाइलवरचा न दिसणारा शिक्का

विंडोजमध्ये ब्राउझरने किंवा आउटलुकसारख्या मेल प्रोग्रॅमने फाइल उतरवून घेतली की विंडोज तिला एक छोटी चिठ्ठी चिकटवतं: ही फाइल इंटरनेटवरून आली आहे. याला 'मार्क ऑफ द वेब' म्हणतात. ही चिठ्ठी फाइलच्या मजकुरात नसते. विंडोजची एनटीएफएस नावाची डिस्क-रचना आहे, तिच्यात एका फाइलच्या पाठीमागे दुसरा लपलेला मजकूर ठेवता येतो, तिथे ती असते. त्यात झोनचा एक आकडा लिहिलेला असतो. ३ म्हणजे इंटरनेट.

आता पेन ड्राइव्हचं कोडं सुटतं. बहुतेक पेन ड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात. तिथे लपलेल्या मजकुराला जागाच नाही. (हा फॅट वेगळा, डेअरीतला नाही. मामांना हे सांगताना दोन मिनिटं गोंधळ झाला होता.) मी पहिल्यांदा नेलेल्या फाइलवर शिक्का नव्हता, ती सरळ चालली. मेलवरून आलेल्या फाइलवर शिक्का होता, आणि एक्सेलने ती गुपचूप बाजूला ठेवली.

गुपचूप हा शब्द महत्त्वाचा आहे. शिक्का असलेली साधी मॅक्रो फाइल उघडली तर वर लालसर पट्टी येते आणि स्पष्ट लिहिलेलं असतं की स्रोत खात्रीचा नसल्याने मॅक्रो अडवले आहेत. ॲड-इनच्या बाबतीत तेवढंही सौजन्य नाही. ॲड-इनच्या यादीत नाव असतं, नावापुढे टिक असते, आणि टॅब मात्र गायब. माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो. मी स्वतः पाऊण तास शोधली.

मायक्रोसॉफ्ट एवढं कडक का झालं, तर त्याला कारण आहे. मार्च १९९९ मध्ये मेलिसा नावाचा व्हायरस पसरला तो वर्डच्या मॅक्रोमधून. फाइल उघडली की तो आउटलुकच्या पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या ५० जणांना स्वतःहून मेल करायचा. त्यानंतर वीस वर्षं हीच युक्ती चालू राहिली, 'बिल जोडलं आहे, मॅक्रो चालू करा' म्हणत. शेवटी फेब्रुवारी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींतले मॅक्रो आपोआप अडवले जातील. जुलै २०२२ च्या सुरुवातीला तक्रारी आल्यावर त्यांनी हे मागेही घेतलं होतं, पण त्याच महिन्याच्या अखेरीस पुन्हा लागू केलं. आधी पिवळ्या पट्टीवर 'एनेबल कंटेंट' नावाचं बटण असायचं आणि लोक ते न वाचता दाबायचे. लाल पट्टीवर ते बटणच नाही.

म्हणजे ज्या कुलपाने आपलं काम अडवलं ते उगाच लावलेलं नाही. मामांच्या त्या कॉम्प्युटरवर १४३ घरांचे बँक खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड आहेत. 'सगळे मॅक्रो एनेबल' म्हणजे माझ्या एका फाइलसाठी वाड्याचा दिंडी दरवाजा कायमचा उघडा टाकणं. आणि गंमत अशी की ते सेटिंग बदललं तरी शिक्का असलेली फाइल अडवायचा नियम वेगळा आहे, तो आधी तपासला जातो. म्हणजे टॅब आला नसताच, दरवाजा मात्र उघडा राहिला असता.

बसवायचं कसं

स्क्रीनवर ही नावं इंग्रजीत दिसतील, मी उच्चाराप्रमाणे लिहितोय.

सगळ्यात आधी एक्सेल पूर्ण बंद करा. मग सी ड्राइव्हवर एक नवीन फोल्डर बनवा, त्याचं नाव इंग्रजीत आणि मधे स्पेस न देता. मी 'दूधबिल' असं नाव इंग्रजी अक्षरांत दिलं होतं. डाउनलोड्समध्ये फाइल ठेवू नका, कारण कोणीतरी कधीतरी ते फोल्डर साफ करणार आणि ॲड-इन त्यात जाणार. डेस्कटॉपवरही नको. एक्सेल फाइलचा पत्ता लक्षात ठेवतं. तुम्ही फाइल हलवलीत की पुढच्या वेळी 'फाइल सापडत नाही' म्हणून तक्रार करतं.

आलेली फाइल या फोल्डरमध्ये टाका. तिच्यावर राइट-क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा. 'जनरल' या टॅबमध्ये सगळ्यात खाली 'सिक्युरिटी' असं लिहिलेलं असेल आणि पुढे 'अनब्लॉक' असा चौकोन. त्यात टिक करून ओके. तो चौकोन दिसतच नसेल तर घाबरू नका, याचा अर्थ फाइलवर शिक्का नाही. फाइल झिपमध्ये आली असेल तर आधी झिप फाइललाच अनब्लॉक करा आणि मग उघडा, नाहीतर विंडोज तोच शिक्का आतल्या प्रत्येक फाइलवर उमटवतं.

आता एक्सेल उघडा. 'फाइल', मग 'ऑप्शन्स', मग डावीकडे 'ॲड-इन्स'. खाली 'मॅनेज' असं लिहिलेलं दिसेल, त्याच्यापुढे 'एक्सेल ॲड-इन्स' निवडलेलं आहे ना ते बघा आणि 'गो' दाबा. छोटी खिडकी उघडेल. 'ब्राउज' करून आपल्या फोल्डरमधली फाइल निवडा. कधी कधी एक्सेल विचारतं की ही फाइल त्याच्या स्वतःच्या ॲड-इन्स फोल्डरमध्ये कॉपी करू का. 'नो' म्हणा. 'यस' म्हटलंत तर दोन प्रती तयार होतात, आणि पुढच्या महिन्यात तुम्ही एक प्रत बदलाल, एक्सेल दुसरी चालवत राहील. नावापुढे टिक असल्याची खात्री करून ओके. रिबनवर टॅब यायला हवा.

एवढ्यावर काम झालं तर इथेच थांबा. एकदाच बसवायचं आणि वर्षभर बदलायचं नाही अशा ॲड-इनला अनब्लॉक पुरतं.

मामांच्या बाबतीत मी दर दोन-चार आठवड्यांनी काहीतरी दुरुस्ती पाठवत होतो. दर वेळी त्यांना प्रॉपर्टीज उघडायला सांगणं मला जड गेलं नसतं, त्यांना गेलं असतं. म्हणून 'ट्रस्टेड लोकेशन' वापरलं. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'ट्रस्ट सेंटर', 'ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज', आणि तिथे 'ट्रस्टेड लोकेशन्स'. 'ॲड न्यू लोकेशन' दाबून फक्त ते एक फोल्डर द्यायचं. खाली उपफोल्डरवरही विश्वास ठेवू का असा चौकोन असतो, तो रिकामाच ठेवायचा. या फोल्डरमधल्या फाइलचा शिक्का एक्सेल बघत नाही.

आता विचार करा, या फोल्डरमध्ये जी मॅक्रो फाइल पडेल ती न विचारता चालेल. म्हणून मी मामांना एकच नियम सांगितला: माझा फोन आल्याशिवाय त्यात काही टाकायचं नाही, मेल माझ्या नावाने आला असला तरी. आणि काहीही झालं तरी अख्खं डाउनलोड्स फोल्डर ट्रस्टेड करू नका. मी हे एका चांगल्या शिकलेल्या माणसाच्या लॅपटॉपवर पाहिलंय.

त्याच 'ट्रस्ट सेंटर'मध्ये 'मॅक्रो सेटिंग्ज' आहे. तिथे चार पर्याय दिसतात. मॅक्रो बंद ठेवा पण सूचना द्या, असा अर्थ असलेला पर्याय आधीपासून निवडलेला असतो. तो तसाच राहू द्या. शेवटच्या 'एनेबल'च्या पर्यायापुढे मायक्रोसॉफ्टने स्वतःच कंसात शिफारस नाही असं लिहिलंय.

तरीही चालत नसेल तर

एक कारण म्हणजे एक्सेलचा प्रकार. एक्सेल ३२ बिटचं असतं किंवा ६४ बिटचं. विंडोज ६४ बिटचं आहे म्हणून एक्सेलही तसंच असेल असं नाही, जुन्या कॉम्प्युटरवर ते ३२ बिटचं सापडतं. 'फाइल', 'अकाउंट', 'अबाउट एक्सेल' इथे पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं. ६४ बिटच्या एक्सेलवर जुनं ॲड-इन उघडल्यावर 'या प्रोजेक्टमधला कोड ६४ बिटसाठी बदलावा लागेल' असा संदेश आला, तर ती चूक तुमची नाही. ज्याने लिहिलंय त्याने बाहेरच्या फंक्शनच्या घोषणा बदलायच्या आहेत.

दुसरं म्हणजे ॲड-इन चालू असताना एक्सेल एकदा कोसळलं असेल तर ते त्याला दोषी धरून बंद करतं. 'ॲड-इन्स'च्या त्याच पानावर 'मॅनेज'मध्ये 'डिसेबल्ड आयटम्स' निवडून बघा, तिथे नाव असेल तर पुन्हा चालू करता येतं.

मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये किंवा ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये व्हीबीए चालतच नाही. गूगल शीट्समध्येही नाही, तिथे ॲप्स स्क्रिप्ट नावाची वेगळी पद्धत आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर कोणीतरी फोनवर टॅब शोधत बसतं.

मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं

ही अडचण इंग्रजीतल्या मार्गदर्शनात सापडत नाही, कारण तिकडे ती येत नाही. व्हीबीएमध्ये कोड लिहायची जी खिडकी आहे ती युनिकोडच्या आधीच्या काळातली आहे आणि तिथे देवनागरी टिकत नाही. मी कोडमध्ये 'एकूण देय रक्कम' असं पेस्ट केलं आणि समोर प्रश्नचिन्हांची रांग आली. मॅक्रोमधून येणारी साधी संदेशाची चौकटसुद्धा मराठी दाखवत नाही.

उपाय अगदी साधा निघाला. एक्सेलच्या सेलमध्ये मराठी व्यवस्थित राहतं. त्यामुळे पावतीवर लागणारे सगळे मराठी शब्द मी ॲड-इनच्याच एका शीटवर लिहून ठेवले आणि कोड तिथून उचलतो. कोडमध्ये एकही मराठी अक्षर नाही, पावती पूर्ण मराठीत. सूचना द्यायची असेल तर ती चौकटीऐवजी शीटवरच्या एका मोठ्या पिवळ्या सेलमध्ये येते.

फोल्डरचं नाव इंग्रजीत ठेवा म्हटलं ते याच कारणाने. व्हीबीएची फाइल शोधायची जुनी फंक्शन्स देवनागरी पत्त्यावर अडखळतात. विंडोजवर युजरचं नाव मराठीत ठेवलं असेल तर डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप सगळ्यांच्या पत्त्यात ते नाव येतं. म्हणून सरळ सी ड्राइव्हवर फोल्डर करणं सोयीचं.

आणि एक चूक, माझी

टॅब परत आला, मामांनी त्या दिवशी बिलं काढली, सगळे खूश. पुढच्या बिलाला वेगळंच झालं. कॉम्प्युटर जुना, बटण दाबल्यावर दहा-पंधरा सेकंद काहीच हलत नव्हतं. मामांना वाटलं दाबलं गेलं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. पशुखाद्याची आणि उचलीची कपात दोनदा झाली. काही जणांची देय रक्कम उणे आली म्हणून लक्षात आलं. ज्यांची कपात थोडी होती त्यांचं कळलंही नसतं.

कंट्रोल-झेड दाबून काही होत नव्हतं. मॅक्रोने शीटमध्ये बदल केला की एक्सेलची अनडूची यादी पुसली जाते. हे मला माहीत होतं. कॉलेजपासून माहीत होतं. पण मी ते लिहिताना माझ्या लॅपटॉपवर खोट्या वीस नावांवर तपासत होतो, तिथे एका सेकंदात काम व्हायचं आणि बिघडलं तर मी फाइल सेव्ह न करता बंद करायचो. मामांना सवय होती दर थोड्या वेळाने कंट्रोल-एस दाबायची. चांगली सवय, पण त्या दिवशी तिनेच घात केला.

कागदी वही होती म्हणून वाचलो. मी फोनवर, मामी वही वाचतायत, मामा आकडे घालतायत, असं १४३ जणांचं उचलीचं खातं आम्ही रात्री पावणेबारापर्यंत पुन्हा बसवलं. मामा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "लोकांचं पैसं हाईत रं."

त्यानंतर ॲड-इनमध्ये दोन गोष्टी घातल्या, आणि कोणाचंही ॲड-इन बसवताना त्या आहेत का ते तुम्हीही विचारा. पहिली, बटण दाबल्यावर काहीही बदलायच्या आधी वर्कबुकची एक प्रत तारीख आणि वेळ नावात घालून वेगळ्या फोल्डरमध्ये सेव्ह होते. व्हीबीएमध्ये ही एका ओळीची गोष्ट आहे. दुसरी, त्या दहा दिवसांचं बिल झालं की एका सेलमध्ये तशी नोंद पडते, आणि नोंद असेल तर मॅक्रो पुढे जातच नाही, पिवळ्या सेलमध्ये 'या कालावधीचं बिल आधीच झालं आहे' असं लिहून थांबतं.

दुसऱ्याने लिहिलेलं ॲड-इन असेल आणि त्यात प्रत ठेवायची सोय नसेल, तर हाताने करा. बटण दाबायच्या आधी वर्कबुक सेव्ह करून बंद करायची, फोल्डरमध्ये जाऊन कॉपी-पेस्ट करायची, मग मूळ फाइल उघडायची. पहिल्यांदा तर खऱ्या फाइलवर चालवूच नका. प्रतीवर चालवा आणि पाच-सहा जणांचे आकडे कॅल्क्युलेटरवर ताडून बघा. त्यात एक मोठ्या कपातीचा घ्या, एक शून्य कपातीचा, आणि एक असा ज्याने त्या दहा दिवसांत एखादी वेळ दूधच घातलं नाही. माझ्या कोडमध्ये तिसऱ्या प्रकाराची चूक निघाली होती. रिकाम्या फॅटचा सेल शून्य समजून त्या माणसाची सरासरी खाली येत होती. ती मामांनीच पकडली, वहीवरून.

वही अजून चालू आहे. मीच बंद करू नका म्हटलंय.